आजोबा गेले, पण त्यांचं काय काय अजून चालूच आहे?

रामबागवाली
मागच्या महिन्यात आमच्या अण्णांचं वर्षश्राद्ध झालं. नव्वदीला आले होते, झोपेतच गेले, त्यामुळे तेव्हाही फार रडारड झाली नाही. पण परवा पंगतीत कोणीतरी क्रिकेटचा विषय काढला आणि सगळे एकदम गप्प, कारण आता अण्णा सुरू होणार अशी प्रत्येकाला सवय. तुमच्याकडे आजोबांची अशी कुठली गोष्ट, सवय, वेड मागे राहिलंय? लिहा, मोठं झालं तरी चालेल.

मीच सुरू करते. अण्णा दहा-अकरा वर्षांचे असताना इंदूरच्या यशवंत क्लबच्या मैदानावर होळकर (म्हणजे आमची इंदूरची टीम) विरुद्ध म्हैसूर रणजी सेमीफायनल बघायला गेले होते, १९४५-४६ चा सीझन. होळकरांनी ८ बाद ९१२ वर डाव सोडला आणि त्या एका डावात सहा जणांची शतकं! ती नावं अण्णा बोटांवर मोजायचे, भांडारकर, सरवटे, जगदाळे, सी. के. नायडू, निंबाळकर, इथे उजवा हात संपायचा आणि प्रताप सिंगसाठी डाव्या हाताचा अंगठा वर यायचा. समोर पाहुणा असो की गॅसवाला, अंगठा वर आल्याशिवाय सुटका नाही.

माझं सासर बडोद्याचं. बघायला आले तेव्हा अण्णांनी मुलाला पहिलंच वाक्य ऐकवलं, "त्या वर्षी फायनलला तुम्हालाच धुतलं होतं बरं का." हाही वस्ताद, म्हणाला, "आणि पुढच्या वर्षी, आजोबा? आमच्या हजारे आणि गुल महंमदची ५७७ ची पार्टनरशिप?" अण्णा दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग आत बघून म्हणाले, "अगं, यांना चहा टाक." लग्न तिथेच ठरलं. आता माझ्या मुलाला ती सहा नावं हाच शिकवतो, बडोदेवाला असून.

परदेशीपुरा
ताई, मस्त लिहिलंत. आमचे आबा मिलमध्ये इलेक्ट्रिशियन. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे दिव्यांचे चित्ररथ, निघतात ते इंदूरवाल्यांना सांगायला नको, पण त्याआधी महिनाभर हा माणूस घरी फक्त जेवायला यायचा. आजकाल रेडिमेड कंट्रोलर मिळतात, तेव्हा धावते दिवे कसे करायचे माहितेय का? लाकडाचा एक रूळ, त्याच्यावर तिरप्या खिळलेल्या तांब्याच्या पट्ट्या, वरून पितळेची पाती टेकलेली. छोट्या मोटरवर रूळ फिरला की जी पट्टी पातीखाली येईल तेवढे बल्ब पेटणार, ती सरकली की पुढचे. पट्टी किती लांब ठेवायची आणि किती तिरपी मारायची ह्यातच सगळी कारागिरी, त्यावरच मोराचा पिसारा उघडायचा की नुसता लुकलुकायचा ते ठरायचं. मिल बंद पडली तेव्हा आबांनी एक रूळ घरी आणून ठेवला आणि मग दरवर्षी घरच्या गणपतीला तो फिरायचा, टक टक टक असा आवाज करत. आबा जाऊन बरीच वर्षं झाली, रूळ मी अजून लावतो. चतुर्थीच्या आदल्या रात्री पट्ट्या पॉलिश पेपरने घासायच्या, नाहीतर ठिणग्या उडतात. तशाही उडतातच. आई म्हणते, ह्या घराला आग लावशील तेव्हाच तुला आबा भेटतील.

छोटी लाईन
आजोबा मीटर गेजवर गार्ड होते, महू-खंडवा. सुट्टीत सोबत न्यायचे. पातालपाणीजवळ टंट्या मामांच्या (इंग्रजांशी लढलेले टंट्या भिल्ल) मंदिरापाशी गाडी थांबायची तेव्हा आजोबा टोपी काढून नमस्कार करायचे आणि आम्हालाही करायला लावायचे. मग घाट उतरून कालाकुंड, तिथे प्लॅटफॉर्मवर पळसाच्या पानात कलाकंद. पान चाटायचं नाही असा दम भरायचे आणि स्वतः पाठ करून चाटायचे. बस एवढंच. जास्त लिहिता येत नाहीये आत्ता.

स्पष्टच बोलते
सगळे गोडच लिहून राहिलेत म्हणून मी वेगळं लिहिते. आमचे नाना भयंकर चिडके. रात्री दहाला दाराला कडी, मग बाहेर कोणी का असेना. आता सराफ्यात सोन्याची दुकानं बंद झाल्याशिवाय खाण्याची लागतच नाहीत, तर दहाच्या आत घरी येणारा माणूस गराडू (तळलेला कंद) खाणार कधी? आजी मागच्या दाराने घ्यायची म्हणून आम्ही जगलो. गेले तेव्हा मला रडू आलं नाही आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. फक्त हल्ली लेकीला यायला उशीर झाला की मी डिट्टो नानांच्या टिपेत ओरडते म्हणे, घरचेच सांगतात.

सियागंज
भिया, आमच्याकडचं ऐका. दादांच्या दहाव्याला कावळा शिवेना. गुरुजी म्हणाले काही इच्छा राहिली असेल. काका म्हणाले आईकडे बघू, आत्या म्हणाली धाकट्याचं लग्न करू, वडील म्हणाले वाटण्यांवरून भांडणार नाही (हे ऐकून तर कावळा आणखी लांब जाऊन बसला). ऊन डोक्यावर आलं. दादांचं जेवण शेवेशिवाय व्हायचं नाही, श्रीखंडावरसुद्धा टाकायचे. शेवटी माझा चुलतभाऊ, सातवीतला, गाडीतून पुडी घेऊन आला आणि कोणी काही म्हणायच्या आत पिंडाशेजारी मूठभर शेव ठेवून मोकळा. मिनिटभरात कावळा हजर! गुरुजींनी आमच्याकडे बघितलं नाही, आम्ही गुरुजींकडे.

परदेशीपुरा
हाहा, लसणाची होती का लवंगेची?

सियागंज
लवंगेची हो. दहाव्याला लसूण चालतो का कुठे!