इथेनॉलने शेतकरी तारला म्हणता, पण कुठला?

माळावरचा
काल एकाने लिहिलंय, "पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल मिसळल्याने शेतकऱ्याचं भलं झालं, बोंबलणारे सगळे शहरातले गाडीवाले." वाचून डोकंच फिरलं. मी लातूरकडचा सोयाबीनवाला, मायलेजशी मला देणंघेणं नाही. 2024 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 आणि आडतीत चार-सव्वाचार हजारासाठी मिनतवाऱ्या. मक्याचं इथेनॉल काढलं की मागे डीडीजीएस, म्हणजे सुका चोथा उरतो, तो सोयापेंडीपेक्षा स्वस्त, मग पशुखाद्यवाले पेंड कमी करून तोच घालतात, पेंड पडली की सोयाबीन पडलं. एका शेतकऱ्याला दिलं ते दुसऱ्याच्या खिशातून काढून, एवढं तरी मान्य करा.

मकावाला
सगळं खापर इथेनॉलवर फोडू नका दादा, पेंडीचे भाव तेव्हा जगातच पडले होते. आमचा मका वर्षानुवर्षं व्यापारी म्हणेल त्या भावात जायचा, इथेनॉल काढणारे डिस्टिलरीवाले बाजारात उतरले तेव्हा कुठे हमीभावाच्या वर बोली लागली. खाद्याचा मका महागला म्हणून कोंबडीवाले रडले, आम्ही रडत होतो तेव्हा कुठे होते?

खोडवा
ऊसवाल्यांचंही ऐका. आधी साखर गोदामात पडून आणि बिलं वर्षभर लटकलेली. 2018 नंतर बी हेवी मळी (जिच्यात थोडी साखर राखलेली असते ती) आणि उसाच्या रसाच्या इथेनॉलला वेगळे दर मिळाले, तेल कंपन्यांचे पैसे लवकर येतात, म्हणून एफआरपी, म्हणजे उसाचा कायद्याने ठरलेला किमान दर, वेळेत निघते.

तोडणी
वेळेत? कायद्यात 14 दिवस आहेत, आम्हाला महिने लागतात, आणि उशिराचं 15 टक्के व्याज मी तरी अजून पाहिलं नाही. वर काटामारी! बाहेरच्या काट्यावर ट्रॉली मोजून नेली तर कारखान्याच्या काट्यावर वजन घटलं, विचारलं तर म्हणे मोजून आणलेली गाडी घेणार नाही, उन्हात उभी करा. ऊस वाळला तर नुकसान कुणाचं? इथेनॉल राहू द्या, आधी काटा सरळ करा.

खोडवा
सगळे कारखाने चोर नसतात हो. आमच्याकडे असलं काही नाही.

तोडणी
तुम्ही संचालकांच्या गावचे असाल. आमच्याकडे मुकादमाला खुशाली आणि ड्रायव्हरला एन्ट्री म्हणून वरचे पैसे, शिवाय काट्यात मार. आवाज चढवला की पुढची तोड लांबते, म्हणून गप्प बसतात लोक.

खोडवा
वैयक्तिक जाऊ नका. तोंड सांभाळून बोला.

मकावाला
काट्याचं तोडणीभाऊंचं खरंय, आमच्या बाजार समितीतही तेच.

पाणलोट
काट्यावरनं भांडताय, पाण्याचं कोण बोलणार? नीती आयोगाच्याच 2021 च्या अहवालात उसाच्या एका लिटर इथेनॉलमागे 2860 लिटर पाणी लिहिलंय. आमच्या मराठवाड्यात जानेवारीतच बोअर आटतात आणि नवीन डिस्टिलऱ्यांची भूमिपूजनं चालू!

खोडवा
मग ऊस सोडून लावू काय? सोयाबीन? वर बघा त्याचं काय झालंय ते. आणि धोरणाचा भरवसा आहे का, 7 डिसेंबर 2023 ला ऐन गाळपात रसाचं इथेनॉल बंद केलं, आठवड्यात परत 17 लाख टन साखर इथेनॉलकडे वळवायची सूट. कर्ज काढून उभारलेल्या डिस्टिलरीचा हप्ता शेवटी आमच्याच बिलातून जातो.

माळावरचा
हेच म्हणतोय मी! तुमच्यासाठी सरकार आठवड्यात मागे सरकलं, आमच्या पेंडीसाठी कोण सरकलं? डीडीजीएसचा विचार आधीच करायला हवा होता.

खोडवा
बरं, पेंडीचं मान्य. पण इथेनॉल बंद करा म्हणाल तर सोबत येणार नाही.

तोडणी
मी येतो, पण आधी माझ्या ट्रॉलीचं वजन बाहेरच्या काट्याचं धरायला लावा.