पॅकेजचे नाव बदलल्यावर 'ओव्हरराइट'ची त्रुटी : इपॉक फक्त संक्रमण-पॅकेजला द्यावा का?

नमस्कार. आमच्या अंतर्गत डेबियन (लिनक्स प्रणाली) रिपॉझिटरीतील (पॅकेजच्या भांडारातील) 'नोंदसंग्रह' या पॅकेजचे नाव आम्ही 'नोंदसंग्रह-सर्व्हर' असे केले आहे. कोऱ्या यंत्रावर ते व्यवस्थित बसते. जुने पॅकेज असलेल्या यंत्रावर मात्र डीपीकेजी (पॅकेज बसवणारे साधन) अडते, कारण नव्या पॅकेजमधील फाइल 'नोंदसंग्रह १:१.८-२' मध्येही आहे. जुन्या नावाचे रिकामे संक्रमण-पॅकेज (जुन्या नावावरून नव्या पॅकेजकडे नेणारे) रिपॉझिटरीत असूनही एपीटी (रिपॉझिटरीतून पॅकेज आणि अपग्रेड आणणारे साधन) ते अपग्रेड म्हणून सुचवत नाही.

दोन्ही अडचणींचे मूळ इपॉकमध्ये, म्हणजे आवृत्तीच्या सुरुवातीच्या '१:' सारख्या, तुलनेत सर्वांत आधी पाहिल्या जाणाऱ्या अंकात, आहे. पूर्वी या पॅकेजला २०१९०३१२ असे तारखेवरून क्रमांक दिले जात. पुढे मूळ प्रकल्पाने १.० पासून मोजणी सुरू केली, तेव्हा क्रम उलटू नये म्हणून '१:' जोडला गेला. नव्या पॅकेजच्या 'ब्रेक्स' (कोणते पॅकेज सोबत चालणार नाही) आणि 'रिप्लेसेस' (कोणत्या पॅकेजच्या फाइल बदलता येतील) या दोन्ही नोंदींत 'नोंदसंग्रह (<< २.०-१~)' अशी, म्हणजे २.०-१ च्या आधीच्या आवृत्त्यांपुरती, अट आहे. इपॉक लिहिलेला नसला की तो शून्य धरला जातो, त्यामुळे १:१.८-२ या अटीत बसत नाही, आणि २.०-१ हे संक्रमण-पॅकेज १:१.८-२ पेक्षा जुने ठरते.

आवृत्तीची अट काढून टाकली तर नव्या पॅकेजचे संक्रमण-पॅकेजशीच वाकडे येईल आणि दोन्ही एकत्र नांदणार नाहीत. म्हणून अट '<< १:२.०-१~' अशी हवी, याबद्दल शंका नाही. मात्र संपूर्ण सोर्सला (ज्यातून दोन्ही पॅकेज तयार होतात) इपॉक दिला तर तो नव्या नावालाही कायमचा चिकटेल, आणि ज्या नावाला मागचा इतिहासच नाही त्याच्यावर हे ओझे लादणे मला पटत नाही.

पॅकेज तयार करताना वापरल्या जाणाऱ्या डीपीकेजी-जेनकंट्रोल या साधनाच्या '-व्ही' पर्यायाने केवळ संक्रमण-पॅकेजला १:२.०-१ ही आवृत्ती देता येते. एकाच सोर्समधून अशा दोन वेगळ्या आवृत्त्या काढून कोणी रिपॉझिटरी दीर्घकाळ सांभाळली आहे का? जुन्या आवृत्त्या आपोआप काढताना त्यामुळे काही बिघडले का?

याहून मोठी काळजी विदेची (डेटाची) आहे. जुन्या पॅकेजची 'पोस्टआरएम' (पॅकेज काढल्यानंतर चालणारी) स्क्रिप्ट पर्ज (पॅकेज सेटिंगसकट पूर्ण काढणे) करताना विदेची संपूर्ण डिरेक्टरी पुसते, आणि नवे पॅकेज तीच डिरेक्टरी वापरते. संक्रमण-पॅकेज बसले की ती स्क्रिप्ट बदलली जाते. पण त्रुटी पाहून कोणी जुने पॅकेज आधीच रिमूव्ह केले (पर्ज न करता काढले) असेल, तर ती स्क्रिप्ट तशीच शिल्लक राहते आणि पुढे कधीतरी केलेल्या पर्जमध्ये चालू सर्व्हरची विदा जाईल. नव्या 'पोस्टइन्स्ट'मधून (पॅकेज बसल्यानंतरच्या स्क्रिप्टमधून) दुसऱ्या पॅकेजची स्क्रिप्ट पुसणे मला गैर वाटते, त्यापेक्षा विदेची डिरेक्टरीच नव्या नावाने हलवावी असा माझा कल आहे. हे स्थलांतर 'प्रीइन्स्ट'मध्ये (पॅकेज बसण्याआधीच्या स्क्रिप्टमध्ये) करावे की 'पोस्टइन्स्ट'मध्ये, याविषयी अनुभवी देखभालकर्त्यांचे मत हवे आहे.