मदत हवी आहे: एका घरात दोन चुली असतील, तर कुटुंबे किती लिहावीत?

सराफ्याजवळचा: आमच्या मल्टीतील (बहुमजली इमारतीतील) रहिवाशांची यादी सोमवारपर्यंत द्यायची आहे आणि ती दोनदा परत आली आहे. घरे १२ आहेत, पण माझ्या मोजणीत कुटुंबे १५ भरतात. तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघरात सुनेचा गॅस आहे, तर बाल्कनीत पत्र्याच्या आडोशाला सासूबाईंची शेगडी. पिठाचे डबेसुद्धा वेगळे आहेत. हे कुटुंब एक की दोन? कृपया लवकर सांगावे.

लष्करकर (ग्वाल्हेर): यादी कोणाला द्यायची आहे? घरे गृहनिर्माण मंडळाची आहेत, आवास योजनेतली आहेत की खासगी?

सराफ्याजवळचा: घरे सरकारीच आहेत. प्रश्न चुलींचा आहे.

छावणीकर: मी २०११ च्या जनगणनेत प्रगणक होतो. एकत्र राहणारी आणि एरवी एकाच स्वयंपाकघरातले जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब, मग ती नात्याची असोत वा नसोत, अशी आमची व्याख्या होती. चुली दोन, तर कुटुंबेही दोन.

लष्करकर: ही व्याख्या सगळीकडे चालत नाही. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत पती, पत्नी आणि अविवाहित मुले एवढेच कुटुंब धरले आहे, त्यामुळे लग्न झालेला मुलगा आईच्या ताटात जेवत असला तरी तो वेगळाच ठरतो.

छावणीकर: मग विधवा सासूबाई कोणाच्या कुटुंबात? तुमच्या व्याख्येत त्या एकट्याच उरतात आणि माझ्या व्याख्येतही वेगळ्याच, म्हणजे भांडण कशासाठी?

मांडवीकर (वडोदरा): माझा मुलगा सिंगापूरला असतो. तेथे १९८९ पासून सरकारी इमारतींमध्ये चिनी, मलय आणि भारतीय कुटुंबांच्या प्रमाणावर मर्यादा आहे, जेणेकरून एकाच समाजाची वस्ती होऊ नये. आपल्याकडेही असे काही हवे.

सराफ्याजवळचा: ताई, मला सोमवारी यादी द्यायची आहे. त्यात प्रत्येक कुटुंबापुढे समग्र क्रमांक (मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदणीतला) मागितला आहे, हे वेगळे सांगायला हवे असे वाटले नाही.

छावणीकर: हेच आधी सांगायचे होते, भाऊ! समग्रमध्ये सदस्याचा क्रमांक ९ अंकी असतो आणि कुटुंबाचा ८ अंकी. ८ अंकी क्रमांक जितके वेगळे, तितकी कुटुंबे लिहा. चुली मोजू नका.

सराफ्याजवळचा: तसे पाहता सासू-सून एकाच क्रमांकात आहेत. पण तळमजल्यावर खरगोनहून शिकायला आलेली तीन मुले राहतात. त्यांचे समग्र गावाकडचे आहे.

लष्करकर: सरकारी घरात ती मुले भाड्याने राहतात काय?

सराफ्याजवळचा: ती घरमालकाची भाचरे आहेत, असे घरमालक सांगतात.

छावणीकर: भाचरे असोत वा नसोत, क्रमांक गावचा असेल तर त्यांना शेऱ्यात लिहा, मोजणीत नको.

सराफ्याजवळचा: बरे. आज समग्रचा कागद मागायला वर गेलो होतो, तर सासूबाईंनी शेगडीवरची भाकरी उलटता उलटता बजावले की त्यांचे नाव सुनेच्या ओळीत आले, तर त्या सही करणार नाहीत.