स्पर्श गेला, नाक वाढलं
एका दादांनी म्हटलंय की एक इंद्रिय गेल्यावर दुसरं तल्लख होणं हे मोठ्या मेंदूवाल्यांचंच काम, ते काही पटलं नाही बुवा. सी. एलिगन्स नावाचा जेमतेम १ मिमीचा जंत घ्या (त्याचे भाऊबंद आमच्या कोथरूडच्या कुंडीतही असणार), अख्ख्या अंगात न्यूरॉन (मज्जापेशी) ३०२ आणि हलका स्पर्श कळणारे त्यातले फक्त ६. २०१६ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात ज्यांना हा स्पर्श कळतच नाही असे जंत वास ओळखण्यात जास्त तल्लख निघाले. कारण भारीये, स्पर्शाच्या पेशी एरवी एक पेप्टाइड (दुसऱ्या पेशींना निरोप देणारा छोटा रेणू) सोडत असतात, स्पर्श गेला की ते घटतं आणि वासाच्या वाटेवरचा दोन न्यूरॉनमधला जोड मजबूत होतो. म्हणजे स्पर्शाच्या रिकाम्या खोलीत वास हा शेजारी घुसला असं नाही, नुसता निरोप कमी झाला.