'पुंड' नेमकं कोणाला म्हणायचं?

जिज्ञासू
१८२०-३० च्या पुणे-सातारा भागावर लेख लिहितोय. हत्यारबंद टोळी बाळगणारा, सरकारला न जुमानणारा धाडसी माणूस: त्याला पुंड म्हणावं, बंडखोर की दरोडेखोर? आणि पुंडाई व पुंडावा एकच का?

मोडीवाचक
दरोडेखोराला माल हवा असतो. बंडखोर सत्ता नाकारतो आणि तसं उघड सांगतो. पुंड कोणाचाच हुकूम मानत नाही: सारा बुडवतो, चौकीवरच्या शिपायांना हुसकावतो, वाटसरूंकडून स्वतःच वसुली करतो. शब्दात धिटाई आहे, कौतुक मात्र नाही. जुन्या लिखाणात तो बहुतेक राज्यकर्त्याच्या तोंडी येतो, 'पुंडपाळेगार' अशा जोडीनेही. (पाळेगार म्हणजे दक्षिणेत गढ्या धरून बसलेले छोटे सरदार.) त्यामुळे तुमच्या निवेदनात 'पुंड' आला की लेख सरकारच्या बाजूला झुकतो. मामलेदाराच्या तोंडी तो चपखल बसेल.

पुंडाई हे वागणं. एकटा माणूसही करतो. पुंडावा मुलखात माजतो आणि मोडून काढावा लागतो.

पुरंदरकर
उमाजी नाईकांबद्दल लिहिणार असाल तर 'बंड' हाच शब्द घ्या. १८३१ च्या जाहीरनाम्यात इंग्रजांविरुद्ध उठायची हाक आहे; १८३२ मध्ये त्यांना पुण्यात फाशी दिली. पुढे १८७९ मध्ये वासुदेव बळवंतांनी पैसा उभा करायला दरोडे घातले, पण त्यांना दरोडेखोर म्हणणं चूकच. कृत्याचं नाव वेगळं, माणसाचं वेगळं.

कळकळीची विनंती: 'रामोशी', 'बेरड' ही समाजांची नावं लुटारू या अर्थाने वापरू नका. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, भाषेतला डाग अजून जात नाही.

जिज्ञासू
मग 'दरोडा' कुठे चालेल?

कलमबहाद्दर
आजच्या कायद्यात पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा (भारतीय न्याय संहिता, कलम ३१०). चौघे असतील तर नुसती जबरी चोरी, कलम ३०९. ही व्याख्या १८६० च्या दंड संहितेतून आली, तेव्हा तुमच्या काळाला ती लावू नका. तिथे साध्या अर्थाने वापरा. क्रियापदंही सांभाळा: दरोडा घालतात किंवा टाकतात, 'करत' नाहीत, बंड करतात, उभारतात, आणि ते फसतं किंवा मोडतं.