पहिली तुर्की कादंबरी: ताईत कुणाचा आणि लिपी कुणाची?

दौत:
शेमसेद्दीन सामी यांच्या १८७२च्या कादंबरीत तलतवर जीव जडलेल्या फित्नतचे लग्न अली बे (‘बे’ ही नावापुढची आदराची पदवी) या प्रौढ श्रीमंताशी लावून दिले जाते. ती स्वतःला भोसकून घेते. मग अली बे तिच्या गळ्यातला ताईत उघडतो आणि आतल्या कागदावरून त्याला कळते की, ही आपलीच मुलगी. आरंभीच्या तुर्की कादंबरीतील स्मृतीचे मर्म मला या ताइतात दिसते. बापाचे नाव गळ्यातच असते, पण ते वेळेवर वाचले जात नाही. नामिक केमाल यांच्या ‘इंतिबाह’चा (१८७६) नायकही (योगायोगाने तोही अली बेच) बाप गेल्यावरच वाहवत जातो. ओळखीचा प्रश्न या कादंबऱ्यांत पितृछत्र हरपल्यामुळे उभा राहतो.

कोनाडा:
ताइताचे वाचन आवडले, निष्कर्ष मात्र पटला नाही. सामींची कादंबरी पहिली तुर्की कादंबरी म्हणून शिकवली गेली. पण तिच्या एकवीस वर्षे आधी, १८५१ साली, वार्तान पाशा यांची ‘आकाबीची गोष्ट’ इस्तंबूलमध्ये छापली गेली होती. भाषा तुर्की, लिपी आर्मेनियन आणि प्रेमिकांच्या आड येणारी भिंत आर्मेनियनांमधल्याच दोन ख्रिस्ती पंथांची. १९९१ साली आंद्रेआस टीट्झे यांनी ती रोमन लिपीत आणली, तोवर तुर्की वाचकांना तिचे जवळजवळ विस्मरणच झाले होते. शिवाय सामी स्वतः अल्बेनियन. अल्बेनियन भाषेसाठी त्यांनी वर्णमालाही रचली. मग हरपलेला बाप नेमका कुणाचा?

दौत:
कालक्रम मान्य आहे, तरी रेजाईझादे एक्रेम यांच्या ‘गाडीचे वेड’मधला (१८९६) बिहरूझ बे पाहा. वझीर बापाची दौलत गाडीघोड्यांवर उधळणारा, फ्रेंचचा तोरा मिरवणारा हा तरुण सोनेरी केसांच्या स्त्रीला लिहिलेल्या प्रेमपत्रात एक जुनी कविता घालतो. तिच्यातल्या ‘सियेह-चेर्दे’चा अर्थ ‘सावळ्या वर्णाचा’ असा आहे, हे त्याला फार उशिरा कळते. बापाच्या भाषेचे विस्मरण याहून स्पष्ट कसे दाखवावे?

कोनाडा:
उदाहरण उत्तम आहे, पण ते माझ्या बाजूचे आहे. ‘सियेह-चेर्दे’ हा शब्दच मुळात फारसी! बिहरूझ जी भाषा विसरला असे आपण म्हणता, ती त्याच्या बापालाही शिकूनच घ्यावी लागली असणार.