छापील नक्षी नको, कर्कटक द्या

इमारतींच्या खिडक्यांत असते तशा जाळीची छापील नक्षी रंगवून घेतली की मुलांना रचना आपोआप कळते, असं मत या चर्चेत मांडलं गेलं; ते पटलं नाही. रंगवताना रंगच कळतात. कोरा कागद द्या: ५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ, मग कर्कटकाचं माप न हलवता परिघावर सहा खुणा. सहावी खूण सुरुवातीच्या बिंदूवर आली नाही तर समजायचं, स्क्रू सैल आहे. माप १ मिमीने वाढलं तरी शेवटी जवळपास ७ मिमी चुकतं, आणि ते मुलाला स्वतःलाच दिसतं. एकाआड एक खुणा जोडल्या की षट्कोनी तारा. या ताऱ्याची जाळी कापताना मात्र रेघेवर ब्लेड चालवू नये, तुकडे सुटे होतात. रेघेच्या दोन्ही बाजूंना ३ मिमी पट्टी राखायची. (ब्लेड मोठ्यांच्याच हाती.)

जाळीच्या जाडीचा विषय इथे कुणी काढलाच नाही, आणि वास्तुकला तिथेच सुरू होते. एक जाळी कार्डशीटची, दुसरी ५ मिमीचे दोन सनबोर्ड (फोमचे हलके, जाड बोर्ड) चिकटवून, दोन्हीला १० मिमीची चौकोनी भोकं. सकाळी आठला पूर्वेकडे तोंड करून उभ्या धरा, दोन्हीतून ऊन येतं. सूर्य ४५ अंशांवर चढला की जाड जाळीतून थेट ऊन बंद, पातळीतून चालूच. हा प्रयोग उन्हाळी शिबिरात भरदुपारी ठेवू नका: मे अखेरीस नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर असतो, उभ्या जाळीची नक्षी जमिनीवर पडतच नाही.